१०६० घेऊ का ५८०? जुन्या ग्राफिक्स कार्डांची जोडी ताडून कशी बघायची

"मामा, दोन कार्डं मिळतायत. एक जीटीएक्स १०६० सहा जीबी, सहा हजारात. दुसरं आरएक्स ५८० आठ जीबी, साडेपाचात. दोन्ही सेकंडहँड. कुठलं उचलू?"

दिवाळीच्या सुट्टीत भाच्याचा फोन, मी चकलीवर. मी विचारलं, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) कुठला आहे रे तुझ्याकडे, तर म्हणतो, "ते कशाला, मी कार्डाचं विचारतोय." झालं, म्हटलं याला फोनवर उत्तर देण्यात अर्थ नाही, येतोच शनिवारी. त्या दोन दिवसांत जे जे बघितलं ते इथे लिहून ठेवतोय, कारण हा प्रश्न दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतंच आणि प्रत्येकाला तेच तेच सांगून तोंड दुखतं. तुमची जोडी वेगळी असेल, ५७० आणि १०५० टीआय असेल, १०७० आणि व्हेगा ५६ असेल, पद्धत हीच लागू पडते.

आधी एकच गोष्ट डोक्यात पक्की करा. या दोन कार्डांत एफपीएसवरून, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम दिसतात त्यावरून, निवड होत नाही. होणारच नाही. २०१७ पासून लोक भांडतायत आणि निकाल अजून लागला नाही, कारण फरकच तेवढा नाहीये. निवड होते ती तुमच्या कॅबिनेटमध्ये काय आहे, मॉनिटर कुठल्या वायरने जोडलाय, आणि समोरच्याच्या हातात जो नग आहे तो खरा काय आहे यावरून.

ओळख पटकन करून घेऊ. १०६० हे एनव्हिडियाचं, जुलै २०१६ मधलं, पास्कल पिढीतलं, सहा जीबीवाल्याची तेव्हाची अमेरिकेतली किंमत २४९ डॉलर. ५८० हे एएमडीचं, एप्रिल २०१७, पोलारिस पिढीतलं, आठ जीबीवालं २२९ डॉलर. खरं तर ५८० म्हणजे आदल्या वर्षीच्या ४८० लाच जरा जास्त वीज पाजून वर पळवलेलं कार्ड आहे. १०६० चं नशीब मात्र जोरदार, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या हार्डवेअर सर्व्हेत वर्षानुवर्षं पहिल्या नंबरला ठाण मांडून बसलं होतं, २०२२ च्या शेवटी एनव्हिडियाच्याच १६५० ने त्याला खाली उतरवलं.

आता कागदावरचे आकडे. १०६० मध्ये १२८० कोर (हिशोब करणारे छोटे भाग), १९२ बिटची मेमरी बस (मेमरीकडे जाणारा रस्ता), त्यावरून सेकंदाला १९२ जीबी बँडविड्थ, १२० वॅट. ५८० मध्ये २३०४ कोर, २५६ बिट, २५६ जीबी, १८५ वॅट. हिशोबाची ताकद म्हणाल तर १०६० साधारण ४.४ टेराफ्लॉप्स आणि ५८० साधारण ६.२. म्हणजे कागदावर ५८० चाळीस टक्क्यांनी पुढे, आणि हे वाचून पोरं उड्या मारत ५८० घ्यायला जातात. पण गेममध्ये दोघं खांद्याला खांदा लावून पळतात. गाईचं आणि म्हशीचं दूध लिटरात सारखं भरलं म्हणून डेअरीत फॅट सारखी लागत नाही ना, तसंच हे, दोन कंपन्यांचे कोर एका मापात मोजायचे नाहीत. कोरचा आकडा कामाला येतो तो वेगळ्याच गोष्टीसाठी, नकली नग पकडायला.

नावातच झोल आहे, तो आधी सोडवा

तुलना करायच्या आधी हे बघा की तुम्ही ज्या दोन कार्डांची तुलना करताय ती खरोखर तीच दोन आहेत का. इथे लोक सगळ्यात जास्त गंडतात.

१०६० नावाने सहा जीबीवालं येतं आणि तीन जीबीवालंही येतं, आणि लोकांना वाटतं फरक फक्त मेमरीचा. नाही. तीन जीबीवाल्यात कोर पण कमी आहेत, ११५२. नाव तेच ठेवलं, कार्ड दुसरंच. आज तीन जीबीमध्ये नवा गेम टाकलात तर टेक्स्चर, म्हणजे गेममधल्या वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं, चिखलासारखी दिसतात आणि वर अडखळतं ते वेगळंच. चीनमधल्या सायबर कॅफेंसाठी एक पाच जीबीवालं पण काढलं होतं, ते इकडे क्वचित दिसतं.

५८० चा झोल याच्याहून मोठा. २०१८ च्या ऑक्टोबरात एएमडीने चीनच्या बाजारासाठी 'आरएक्स ५८० २०४८एसपी' नावाचं कार्ड काढलं. २०४८ कोर, म्हणजे मुळात ते ५७० आहे, फक्त पाटी ५८० ची. आता ऑनलाइन नव्या डब्यात, अनोळखी ब्रँडचं, स्वस्तातलं '५८० आठ जीबी' दिसलं की नव्वद टक्के संशय धरायचा की हे तेच आहे. घेऊच नका असं नाही म्हणत मी, ५७० पण वाईट कार्ड नाही, पण मग पैसे ५७० चे द्या ना.

आणि तिसरा प्रकार, सरळ फसवणूक. जुन्यापान्या एनव्हिडिया कार्डाचा बायॉस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून त्याला '१०६०' म्हणून खपवतात. विंडोजमध्ये नावही तेच दिसतं. ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे मागे निळा व्हीजीए पोर्ट आहे का ते बघायचं. खऱ्या १०६० ला व्हीजीए नसतो, असूच शकत नाही, पास्कलमध्ये ॲनालॉग आउटपुटच काढून टाकलं होतं. ५८० ला पण नसतो.

हे सगळं पकडायला जीपीयू-झेड नावाचं छोटंसं फुकट सॉफ्टवेअर आहे, पेनड्राइव्हवर टाकून न्या. त्यात 'शेडर्स' (म्हणजे कोर) समोरचा आकडा वाचा. १०६० सहा जीबी असेल तर १२८०, तीन जीबी असेल तर ११५२. खरं ५८० असेल तर २३०४, पाटीवालं असेल तर २०४८. नकली एनव्हिडिया कार्ड असेल तर बऱ्याचदा नावापुढे 'फेक' असं ते सॉफ्टवेअरच लिहितं. आणि विकणाऱ्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला स्क्रीनशॉट चालत नाही, तो कुणाच्याही कार्डाचा असू शकतो. समोर लावून दाखव म्हणायचं.

शनिवारी आम्ही आधी १०६० वाल्याकडे गेलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही, दार उघडलं तर बिचारा अगदी सभ्य माणूस, चहा विचारला. पीसी चालूच होता. भाच्याने पेनड्राइव्ह लावला, जीपीयू-झेड उघडलं आणि माझ्याकडे बघायला लागला. शेडर्स ११५२. मेमरी ३०७२ एमबी. मी त्या माणसाला दाखवलं तर तो म्हणे मला खरंच माहीत नव्हतं, मी पण सेकंडहँडच घेतलेलं, मला सहा म्हणूनच दिलेलं. खरं बोलत असेलही. त्याच्या डब्यावर कुणीतरी स्टिकर चिकटवला होता, नख लावलं तर खालून तीन डोकावला. चहा पिऊन निघालो. तर असं ते.

एफपीएस बघायचेच असतील तर कसे बघायचे

यूट्यूबवर दोन कार्डं शेजारी शेजारी पळवणारे हजार व्हिडिओ आहेत, त्यातले बरेच बनावट असतात. कार्ड हातात घेऊन एकदाही न दाखवता नुसते कोपऱ्यात आकडे नाचवणारा चॅनल असेल तर पुढे चला. खरा असेल तर तीन गोष्टी बघा, टेस्टला प्रोसेसर कुठला लावलाय, व्हिडिओ कधीचा आहे, आणि सरासरीच्या खाली 'वन पर्सेंट लो' दिलाय का.

प्रोसेसर का, तर तुमच्याकडे चौथ्या पिढीचा आय५ असेल आणि टेस्ट करणाऱ्याने कालपरवा आलेला रायझन लावला असेल तर ते आकडे तुमच्या घरी येणार नाहीत. त्यातही एक बारकावा आहे. डायरेक्टएक्स (गेम आणि कार्ड यांच्यातला दुवा) ११ वाल्या जुन्या गेममध्ये एएमडीचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, प्रोसेसरवर जास्त ओझं टाकतो, म्हणून कमजोर प्रोसेसरसोबत तिथे १०६० जरा बरं चालतं. डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कन (तसाच दुसरा दुवा) वाल्या गेममध्ये गाडी उलट फिरते, तिथे ५८० मोकळा श्वास घेतं. म्हणून २०१६-१७ चे रिव्ह्यू वाचलेत तर १०६० वरचढ वाटतं आणि अलीकडचे बघितलेत तर ५८० थोडं पुढे दिसतं. दोन्ही खरे आहेत, गेम बदललेत.

वन पर्सेंट लो म्हणजे काय, तर सगळ्यात खराब एक टक्का फ्रेममध्ये वेग किती राहिला. सरासरी साठ आहे पण दर कोपऱ्यावर वळलं की गचका बसतो, तर ते साठ काय चाटायचेत? दोन कार्डांत सरासरी चार-पाच फ्रेमने इकडेतिकडे असेल तर सोडून द्या, लो किती ते बघा. आणि इथेच आठ जीबी विरुद्ध सहा जीबी हा मुद्दा येतो. नव्या गेममध्ये मेमरी भरली की सरासरी फारशी पडत नाही, गचके मात्र वाढतात. टेक्स्चर सेटिंग हाय ठेवायला चिपवर फार भार पडत नाही, मेमरी लागते, म्हणजे ५८० वर बाकी सगळं मीडियम आणि टेक्स्चर हाय असं ठेवता येतं, सहा जीबीवर तेच करताना हात आखडता घ्यावा लागतो.

बाकी गेम बनवणाऱ्यांनीच या दोघांना एका ओळीत बसवलंय. सायबरपंक २०७७ ने २०२३ मध्ये मिनिमम, म्हणजे गेम चालायला किमान लागणारं हार्डवेअर, वाढवलं तेव्हा '१०६० सहा जीबी किंवा ५८० आठ जीबी' असंच लिहिलं. एल्डन रिंगच्या मिनिममला १०६० तीन जीबी किंवा ५८० चार जीबी. म्हणजे १०८०पी, लो-मीडियम, एवढी अपेक्षा ठेवा. व्हॅलोरंट, जीटीए ५, सीएस २ दोघांवर मस्त. आणि काही गेम दोघांवरही चालणारच नाहीत, २०२४ च्या डिसेंबरात आलेला इंडियाना जोन्सचा गेम किंवा २०२५ चा डूम द डार्क एजेस, यांना रे ट्रेसिंगचं (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढणारं) हार्डवेअर लागतंच, ते दोघांकडे नाही. भाच्याला डूम हवा होता. म्हटलं बाळा, या बजेटमध्ये २०१६ चा डूम खेळ, व्हल्कनवर ५८० त्यात असलं पळतं की बघत राहशील.

एक गंमत, डीएलएसएस, म्हणजे कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून एफपीएस वाढवायचं तंत्र, हे एनव्हिडियाचं असून १०६० वर चालत नाही, त्याला आरटीएक्स मालिकेतलं कार्ड लागतं. तसंच एएमडीचं एफएसआर मात्र, नवी चौथी आवृत्ती सोडली तर, दोघांवर चालतं. म्हणजे १०६० वाल्यांची म्हातारपणची काठी एएमडीने दिली.

एसएमपीएस. हे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका

मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॅट देतो. सहा पिनची वायर ७५, आठ पिनची १५०. १०६० ला बहुतेक मॉडेलमध्ये एक सहा पिन पुरते. ५८० ला आठ पिन लागते, काही मोठ्या मॉडेलना आठ अधिक सहा. आता आपल्याकडे असेंबल करून मिळालेल्या कॅबिनेटमध्ये जो एसएमपीएस असतो त्यावर ४५० वॅट लिहिलेलं असतं, पण ते लिहिणाऱ्याचे हात काय दुखतात. बाजूचं लेबल वाचा, +१२ व्होल्टसमोर किती अँपिअर आहेत ते बघा, त्याला १२ ने गुणा. तेवढे वॅट खरे, तेही कंपनी प्रामाणिक असेल तर. भाच्याच्या डब्यावर ४५० लिहिलं होतं आणि १२ व्होल्टवर १६ अँपिअर. १६ गुणिले १२, १९२ वॅट. एवढ्यावर एकटं ५८० सुद्धा फुल लोडला धापा टाकेल, प्रोसेसर काय हवेवर चालणार? १०६० सुद्धा मी त्यावर लावलं नसतं.

५८० विकणारे हमखास म्हणतात, "भाई, आठ पिन नाही तर काय झालं, मोलेक्सवरून (जुन्या हार्ड डिस्कच्या वायरीवरून) कन्व्हर्टर देतो ना सोबत." घेऊ नका. मी त्या कन्व्हर्टरची प्लास्टिकची टोपी वितळून पिनेला चिकटलेली डोळ्याने बघितलीय, काढायला पकड लागली होती. आठ पिनची वायर थेट एसएमपीएसमधून येत नसेल तर ५८० चा विचार तिथेच थांबवा, किंवा एसएमपीएस बदला. चांगल्या कंपनीचा ५०० वॅटवाला पुरतो.

वीजबिलाचं पण बघून टाकू, कारण हे कुणी बघत नाही. १८५ वजा १२०, फरक ६५ वॅटचा. रोज दोन तास गेमिंग धरलं तर वर्षाला साधारण ४७ युनिट. वरच्या स्लॅबमध्ये असाल तर युनिटला दहाएक रुपये धरा, वर्षाला पावणेपाचशे. म्हणजे ५८० पाचशेने स्वस्त पडलं म्हणून जो आनंद झाला तो पहिल्या वर्षातच महावितरणला गेला. रोज सहा तास बसणारे असाल तर तिप्पट करा. खोलीही तापते, मे महिन्यात नागपुरात बसून ५८० चालवणाऱ्याला विचारा.

मॉनिटर, ड्रायव्हर वगैरे

मॉनिटर स्वस्तातला ७५ हर्ट्झवाला, फ्रीसिंक (मॉनिटरचा वेग कार्डाच्या फ्रेमशी जुळवणारं तंत्र) लिहिलेला आणि मागे फक्त एचडीएमआय, असं असेल तर ५८० घ्या. एएमडीचं फ्रीसिंक एचडीएमआयवरून चालतं. एनव्हिडियाने २०१९ च्या जानेवारीत १०६० सारख्या कार्डांना फ्रीसिंक मॉनिटर चालवू दिले खरे, पण डिस्प्लेपोर्ट नावाच्या दुसऱ्या वायरीवरूनच. पन्नास-साठच्या मधे एफपीएस खालीवर होत असताना हे सिंक असलं की डोळ्याला जाणवतं, या वर्गातल्या कार्डांना तर त्याचीच जास्त गरज.

गेमसोबत रेकॉर्डिंग, स्ट्रीमिंग करायचं असेल तर १०६०, त्याचा एन्कोडर (व्हिडिओ दाबून छोटा करणारा भाग) एच.२६४ या नेहमीच्या व्हिडिओ प्रकारात ५८० पेक्षा सरळ सरळ चांगला आहे. ब्लेंडर हे थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर शिकायचं असेल तरी १०६०, ब्लेंडरने ३.० पासून ओपनसीएल (एएमडी कार्डं ज्याच्या आधारे रेंडर करायची ते) काढून टाकलं आणि पोलारिस कार्डं तिथे रेंडरिंगला निकामी झाली. लिनक्सवाले असाल तर मात्र उलटं, ५८० डोळे मिटून घ्या, ओपन सोर्स ड्रायव्हर आहे, काही इन्स्टॉल करावं लागत नाही.

विंडोजवर ड्रायव्हरचं म्हणाल तर दोघंही आता पेन्शनर. एएमडीने २०२३ च्या शेवटी पोलारिस आणि व्हेगाला बाजूला काढलं, अधूनमधून अपडेट येतात. एनव्हिडियाने पास्कलचे गेम रेडी (नव्या गेमसाठीचे) ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ ला थांबवले, सुरक्षेचे अपडेट तेवढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत तिमाहीला येणार. योगायोग बघा, एनव्हिडियाच्या या शेवटच्या ड्रायव्हर मालिकेचा नंबर पण ५८०च आहे. म्हणून 'अमक्याला ड्रायव्हर जास्त दिवस मिळेल' हा मुद्दा कुणी काढला तर त्याला फार किंमत देऊ नका.

पैशाचा हिशोब

लोक काय करतात, कार्डाची किंमत भागिले एफपीएस. चूक नाही, पण अर्धवट. कार्ड चालू व्हायला जे जे घ्यावं लागेल ते सगळं वर मांडा आणि मग भागा. समजा दोघांचे तुमच्या आवडीच्या गेममध्ये साठ-साठ फ्रेम येतात. १०६० सहा हजार, आहे त्याच एसएमपीएसवर चालतंय, तर एका फ्रेमला शंभर रुपये. ५८० साडेपाच, पण २८०० चा एसएमपीएस घ्यावा लागतोय, तर ८३०० भागिले साठ, एका फ्रेमला १३८. स्वस्तातलं कार्ड महाग पडलं. पण भाच्याच्या केसमध्ये एसएमपीएस कुठल्याही कार्डाला बदलावाच लागणार होता, म्हणजे ८८०० विरुद्ध ८३००, पारडं पुन्हा फिरलं. म्हणून दुसऱ्याचा हिशोब तुमच्या कामाचा नाही, स्वतःचा कागदावर मांडा.

आणि मांडल्यावर शेजारी एक तिसरा रकाना काढा, थोडे पैसे घालून काय मिळतंय त्याचा. १६६० सुपर हे २०१९ चं कार्ड, १२५ वॅट, या दोघांहून बरंच वेगवान आणि त्याचे ड्रायव्हर चालू आहेत. आरएक्स ६६०० तर अजूनच पुढे, १३२ वॅटमध्ये. दोन-तीन हजार घालून सेकंडहँड १६६० सुपर मिळत असेल तर हा अख्खा लेख विसरा आणि ते घ्या. पण एएमडीच्या ६५०० एक्सटीच्या नादी जुन्या मदरबोर्डवर लागू नका, त्याला लेन (कार्ड आणि मदरबोर्डमधले माहितीचे रस्ते) चारच आहेत, जुन्या, तिसऱ्या जनरेशनच्या स्लॉटमध्ये त्याचा दम निघतो. १०६० आणि ५८० दोघांना पूर्ण सोळा लेन आहेत, जुन्या पीसीत बसवायला म्हणूनच सोपी.

नग हातात घेतल्यावर

५८० वाल्याकडे रविवारी गेलो. आता ५८० म्हटलं की मायनिंगचा, म्हणजे कार्डावर रात्रंदिवस हिशोब करून क्रिप्टो नाणी मिळवण्याचा, विषय आलाच. इथेरियम नावाचं क्रिप्टो चलन काढायला ही कार्डं पोत्याने विकली गेली, १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंग बंद केलं आणि ती सगळी पोती बाजारात सांडली. चार जीबीवाली २०२० च्या शेवटीच बाद झाली होती कारण मायनिंगला लागणारी इथेरियमची फाइल चार जीबीत मावेना, म्हणजे आठ जीबीवाल्यांनी दोन वर्षं जास्त ओझं वाहिलंय. मायनिंगचं कार्ड आहे म्हणून लगेच नाक मुरडू नका, एका तापमानाला शांतपणे चाललेली चिप बरेचदा ठीक असते. झिजतात ते पंखे, सुकते ती चिपची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट, आणि बदललेला असतो बायॉस.

बंद कार्ड आधी उजेडात धरा. पंखा बोटाने फिरवा, हलतो का, खरखरतो का. बॅकप्लेटच्या कडेला तेलकट डाग दिसले तर ते थर्मल पॅडचं तेल, घाबरायचं नाही पण कार्ड भरपूर तापलंय एवढं कळतं. स्क्रूच्या खाचा झिजल्यात का, म्हणजे उघडलंय. मुंबई, कोकणाकडचं कार्ड असेल तर मागच्या पत्र्यावर गंज बघा, पत्र्यावर ठीक, पोर्टच्या आत असेल तर परत द्या. सोनेरी पट्टीवरचे पाय एकन एक बघा.

मग चालू करून जीपीयू-झेडमध्ये बस इंटरफेससमोरच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करा, थोडा लोड येतो, आणि सोळा लेन चालू आहेत का ते कळतं. आठच दाखवत असेल तर स्लॉट किंवा पाय, कुठेतरी गडबड. मग फरमार्क किंवा युनिजिन हेवन, यातलं एक कार्डावर पूर्ण भार टाकणारं सॉफ्टवेअर, पंधरा मिनिटं लावून ठेवा. पाच नाही, पंधरा. विकणारा दोन मिनिटांत "बघा चाललं ना" म्हणून बंद करायला बघतो, त्याला गप्पांत गुंतवा. स्क्रीनवर रंगीत ठिपके, चौकडे दिसले की उठायचं. तापमान ऐंशीच्या आसपास राहिलं तर ठीक, नव्वदकडे चढायला लागलं तर पेस्ट गेलीय, तेवढ्याने किंमत पाडून घ्या.

हा नग २३०४ दाखवत होता. पण ड्रायव्हर मात्र दोनदा टाकूनही धरत नव्हता, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह. ही मायनिंगच्या बायॉसची खूण. मी कार्ड बाहेर काढलं, वरच्या कडेला बारीकसा खटका होता, बऱ्याच ५८० ना असतो, दोन बायॉस असतात. नखाने दुसरीकडे सरकवला, परत लावलं, ड्रायव्हर पहिल्या फटक्यात बसला. मग टेस्ट लावली, सोळा लेन, ठिपके नाहीत, पण तापमान ८६. विकणारा म्हणाला, "हे तर मला पण माहीत नव्हतं." त्या दोन दिवसांत कुणालाच काही माहीत नव्हतं. खटका नसता तर मूळ बायॉस परत टाकावा लागला असता, ते घरी करता येतं पण चुकलं तर कार्ड आडवं, म्हणून ज्याने कधी केलं नाही त्याने असा नग सोडावा.

८६ तापमान दाखवून पाच हजाराला सौदा झाला.

घरी आणल्यावर आधी जुने ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयू नावाच्या सॉफ्टवेअरने साफ करा, विशेषतः कंपनी बदलत असाल तर. मग पेस्ट. चार स्क्रू, पंख्याची वायर हळू ओढा, जुनी पेस्ट खडूसारखी सुकलेली निघाली, आयसोप्रोपिल नाही मिळालं तर मेडिकलमधलं स्पिरिट थोडं लावून पुसलं तरी चालतं, फक्त पूर्ण वाळू द्या. नवी पेस्ट तुरीच्या डाळीच्या दोन दाण्यांएवढी. त्यानंतर ५८० असेल तर अंडरव्होल्ट कराच, म्हणजे चिपचं व्होल्टेज थोडं कमी करा, हे काम फुकटातलं आहे आणि याच्याइतका फायदा कशातच नाही. एएमडीच्या ॲड्रेनलिन सॉफ्टवेअरमध्ये परफॉर्मन्स, ट्यूनिंग, मॅन्युअल, तिथे सगळ्यात वरच्या पायरीचं व्होल्टेज साधारण ११५० मिलिव्होल्ट असतं. पंचवीस-पंचवीसने खाली आणा, दरवेळी अर्धा तास खरा गेम खेळा, अडकलं किंवा स्क्रीन काळी झाली की एक पायरी वर या. आमचं १०७५ ला स्थिरावलं. १०५० ला वीस मिनिटांत काळं झालं, भाचा ओरडला, त्याला वाटलं मामाने कार्ड जाळलं. पीसी बंद करून चालू केला की सगळं जागेवर येतं, तेवढं लक्षात ठेवा आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

तापमान आता ७२ ला थांबतं. टेक्स्चर हायवर आहेत. कालच त्याचा मेसेज होता, "मामा, मित्राला १०७० मिळतंय, त्याचा एसएमपीएस बघायला येशील का?"